संपानंतरची शाळा

वाशी म्हटलें कीं मुंबईकर वाचकाच्या डोळ्यांपुढें खाडीपलीकडचें, घाऊक बाजाराच्या गोदामांचें वाशी उभें राहतें. प्रस्तुत लेखांत ज्या वाशीचा विचार करावयाचा आहे तें निराळें. बालाघाटाच्या पठारावर, धाराशिव जिल्ह्याच्या उत्तर भागांत वसलेलें हें गांव विसाव्या शतकाच्या अखेरीस तालुक्याचें ठाणें झालें. जमीन बहुतांशीं कोरडवाहू, पाऊस लहरी. दिवाळी उलटली कीं या टापूंतील कित्येक कुटुंबें मुकादमाची उचल फेडण्यासाठीं कोयता घेऊन ऊसतोडीस बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अशा मुलखांत जिल्हा परिषदेची शाळा ही अनेक शाळांपैकीं एक शाळा नसते; वाडीवस्तीवरच्या मुलाला तीच एक शाळा असते. तिला कुलूप लागलें तर त्या मुलाचें शिक्षण तेवढे दिवस थांबलेंच म्हणून समजावें.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे शिक्षकांच्या संपाचा प्रश्न गिरणीच्या संपाहून वेगळा कां, हें उमजूं लागतें. गिरणी बंद पडली तर मालकाचा नफा बुडतो, मजुराची मजुरी बुडते. दोघांनाहि झळ लागते, म्हणून दोघेहि तडजोडीस येतात. शाळा बंद राहिली तर सरकारचें रोख असें कांहींच बुडत नाहीं. उलट तेवढ्या दिवसांचा पगार खजिन्यांत शिल्लक राहतो. शिक्षकाचा पगार बुडतो खरा, पण पुढें समेट झाला म्हणजे बुडालेले दिवस रजेच्या खातीं घालण्याची वाट बहुधा निघते. ज्याचें नुकसान कोणत्याहि समेटानें भरून निघत नाहीं तो तिसराच असतो, आणि त्याला समेटाच्या बैठकींत खुर्ची नसते. तो तिसरा म्हणजे मूल, आणि मुलामागें उभें असलेलें गांव. संप मिटतो तो दोघांच्या तडजोडीनें. विश्वास परततो तो मात्र या तिसऱ्याला हिशेब दिल्यानें. आपल्या प्रांताचा गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांचा इतिहास पाहिला तर हें विधान कितपत खरें ठरतें, तें या लेखांत तपासावयाचें आहे.

प्रारंभ महात्मा फुल्यांपासून केला पाहिजे. १८८२ मध्यें हंटर आयोगापुढें त्यांनीं जें निवेदन सादर केलें त्यांत प्राथमिक शिक्षकाचा पगार हा विषय गौण नव्हता. पात्र शिक्षकास महिना बारा रुपयांहून कमी पगार असूं नये, मोठ्या गांवीं तो पंधरा-वीस रुपये असावा, असें त्यांनीं सुचविलें. परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहींत. शिक्षक शक्य तों शेतकरीवर्गांतून यावा, म्हणजे तो लोकांत मिसळेल; गांवचे हिशेब तपासणें, टपाल पाहणें, दस्तऐवज नोंदणें अशीं कामें त्याच्याकडे द्यावीं, म्हणजे त्याची पत वाढेल, असेंहि त्यांचें म्हणणें होतें. पगार आणि पत या दोन गोष्टी त्यांनीं एकाच दमांत मांडल्या, हें विसरतां कामा नये. पगार सरकारनें द्यावयाचा. पत गांव देतें. पुढील काळांत पगारासाठीं पुष्कळ लढे झाले. पत कोठें हरवली याची चौकशी फारशी कोणी केली नाहीं. त्याच निवेदनांत स्थानिक निधीच्या समित्यांवर बसणाऱ्या पाटील-इनामदारांच्या हातीं शाळांची सूत्रें सुरक्षित राहतील याविषयीं फुल्यांनीं शंका प्रकट केली होती. म्हणजे शाळा चालविणाऱ्या स्थानिक मंडळावरील अविश्वास हाहि आपल्याकडे अलीकडचा नव्हे.

ती शंका अनाठायीं नव्हती, हें मुंबई इलाख्यांत पुढें दिसून आलें. १९२३च्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यानें शाळांचा कारभार लोकल बोर्डांच्या स्वाधीन झाला. लोकसत्तेच्या दृष्टीनें हें पाऊल पुढचें होतें. पण नेमणुका आणि बदल्या ही बोर्डाच्या सभासदांची सत्ता ठरली कीं शिक्षक गटागटांतील प्यादें बनतो. १९३८ मध्यें कायद्यांत दुरुस्ती होऊन कारभारी अधिकारी सरकारनें नेमावा असें ठरलें, आणि १९४७च्या नव्या कायद्यानें जिल्हा स्कूल बोर्डांची घडी बसविण्यांत आली. पंचवीस वर्षांत लंबक गांवाकडून सरकारकडे आणि तेथून पुन्हां मध्यावर आला. सत्ता कोणाकडे असावी याची चर्चा खूप झाली. सत्ताधाऱ्यानें हिशेब कोणाला द्यावा, हा प्रश्न मागेंच राहिला.

वाशीचा मुलूख मात्र या इतिहासाच्या बाहेर होता. तो निजामाच्या राज्यांत, तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मोडत असे. तेथें शाळा थेट शिक्षणखात्याच्या ताब्यांत, वरच्या शिक्षणाचें माध्यम मुख्यत्वें उर्दू, आणि खाजगी शाळा काढावयाची तर सरकारची पूर्वपरवानगी हवी. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीनें सरकारी शाळा ही कचेरीसारखीच एक सरकारी वास्तु होती. ती आपली आहे असें त्याला वाटण्याचें कारण नव्हतें.

अशा स्थितींत याच जिल्ह्यांतील हिप्परगा या खेड्यांत १९२१ मध्यें एक राष्ट्रीय शाळा निघाली. व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी या गृहस्थांनीं ती उभी केली. १९२९ मध्यें तिचे मुख्याध्यापक म्हणून व्यंकटेश खेडगीकर नांवाचे तरुण आले. हेच पुढें स्वामी रामानंदतीर्थ म्हणून हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. खेडगीकर शिक्षक होण्यापूर्वीं ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळींत काम करून आलेले होते. संप म्हणजे काय, संघटना म्हणजे काय, मागणी कशी करावी, हें त्यांना पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. तरीसुद्धां हिप्परग्यास त्यांनीं जें मिळविलें तें मागणीनें मिळालेलें नव्हतें. शाळा लोकांच्या देणगीवर चालली, शिक्षक मुलांबरोबर राहिले. १९३५ मध्यें ते अंबाजोगाईस गेले तेव्हांहि लोकांचा हा विश्वास त्यांच्यामागें गेला. मराठवाड्यांत शिक्षकाला पुढें जो मान मिळाला त्याचें मूळ अशा शाळांत आहे. त्या काळीं शिक्षक आणि गांव एका बाजूस होते. सरकार दुसऱ्या बाजूस होतें.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी संपली. १९५६ मध्यें मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, १९६० मध्यें महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वांत येऊन प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. प्रत्येक जिल्हा परिषदेंत एक शिक्षण समिति. स्कूल बोर्डाचें काम आतां हीच समिति करूं लागली. वाडीवाडीवर शाळा गेली, शेतकऱ्याचा मुलगा मास्तर झाला. फुल्यांची अर्धी इच्छा पुरी झाली. पण या रचनेंत एक गांठ राहून गेली. शाळा जिल्हा परिषदेची, शिक्षक जिल्हा परिषदेचा नोकर, परंतु पगाराचा पैसा व पगाराचे नियम राज्यसरकारचे. म्हणून शिक्षक रागावला तर तो मुंबईवर रागावतो, आणि कुलूप मात्र वाडीवरच्या शाळेला लागतें. गांवकरी जिल्हा परिषदेस विचारूं जातो, तर जिल्हा परिषद मुंबईकडे बोट दाखविते. ज्याला जाब विचारावयाचा तो समोर नसणें, हें अविश्वासाचें निम्में कारण आहे.

ही गांठ प्रथम काचली ती १९७७ मध्यें. आणीबाणी संपून वर्षहि झालें नव्हतें. १४ डिसेंबर रोजीं राज्यांतील सरकारी नोकर, जिल्हा परिषदांचे नोकर व शिक्षक यांनीं संप पुकारला. केंद्रसरकारच्या नोकरांना मिळतो त्या दरानें महागाईभत्ता मिळावा ही मुख्य मागणी, र. ग. कर्णिक हे अग्रभागीं असलेले नेते. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री. संप ५४ दिवस चालला. हातांत कांहीं न पडतां तो मागें घ्यावा लागला. पण १९७८च्या जुलैंत शरद पवार यांचें मंत्रिमंडळ आलें आणि त्यानें केंद्राच्या दराचा भत्ता मान्य केला. नोकरवर्गाच्या चळवळींत हा संप अभिमानानें सांगितला जातो, आणि तो अभिमान खोटा नव्हे; महागाईनें पिचलेल्या माणसानें संघटित होऊन आपलें रास्त तें मिळविलें.

मात्र वाशीसारख्या टापूंतून त्याच ५४ दिवसांकडे पाहावें. डिसेंबर ते फेब्रुवारी हा ऐन ऊसतोडीचा हंगाम. ज्या मुलास शाळेसाठीं आजीपाशीं मागें ठेवावयाचें, त्याची शाळाच बंद असेल तर आईबापांनीं त्याला गाडीवर घालून कारखान्याच्या तळावर कां नेऊं नये ? आणि तळावर गेलेलें मूल पाचटांत एकदां रमलें, धाकट्या भावंडाला सांभाळूं लागलें, म्हणजे तें पुढच्या वर्षीं परत पाटी हातीं घेईलच अशी खात्री कोण देणार ? वाद महागाईभत्त्याचा होता आणि निकालहि महागाईभत्त्याचा झाला. गांव त्या वादांत पक्षकारच नव्हतें. शाळेच्या कारभारांत पालकांचेंच बहुमत असलेली, कायद्यानें बांधलेली अशी एखादी समितीहि तेव्हां नव्हती, कीं जिच्यापुढें मास्तरांनीं येऊन सांगावें : एवढे दिवस बुडाले, ते असे भरून काढूं.

त्यानंतरच्या काळांत गांव आणि शिक्षक यांतील अंतर वाढत गेलें, याला संप हेंच एक कारण नव्हे. रस्ते झाले, मोटारसायकली आल्या. शिक्षक तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गांवीं बिऱ्हाड करून रोज येजा करूं लागला. त्यालाहि स्वतःच्या मुलांच्या शिक्षणाची चिंता होतीच. परंतु नियम असा कीं नेमणुकीच्या गांवीं राहिलें तरच घरभाड्याचा भत्ता मिळावा. यांतून कागदावर एक व प्रत्यक्षांत एक असा व्यवहार सुरू झाला. २०१९ मध्यें सरकारनें शिक्षक गांवीं राहतो याचा ग्रामसभेचा ठराव मागितला, आणि २०२२ मध्यें विधिमंडळांतहि या प्रश्नावर वाद झडला. म्हणजे ज्या ग्रामसभेशीं शिक्षकाचें नातें स्नेहाचें असावयाचें तिच्याकडून त्याला दाखला मिळवावा लागूं लागला. हा दाखला खरा द्यावा तर शिक्षक दुखावतो, खोटा द्यावा तर गांव स्वतःच्या नजरेंत उतरतें. विश्वास असा नियमानें मागवितां येत नाहीं. उलट एक सुधारणा मात्र नोंदविली पाहिजे. २०१७च्या धोरणानुसार बदल्या संगणकाद्वारें होऊं लागल्या, तेव्हां १९२३ पासून चालत आलेली वशिल्याची एक मोठी वाट अरुंद झाली. नियम सर्वांना दिसेल असा असला म्हणजे तो कठोर असूनहि लोक सहन करतात, हें यावरून दिसलें.

तिसऱ्या पक्षाला कायद्यानें प्रथम आसन दिलें तें बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९च्या कायद्यानें. १ एप्रिल २०१० पासून तो अंमलांत आला. विनाअनुदानित शाळा वगळतां प्रत्येक शाळेस व्यवस्थापन समिति असावी, तिच्यांत तीनचतुर्थांश सभासद पालक असावे, एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्या. समितीनें शाळेच्या कामावर देखरेख ठेवावी, विकासाचा आराखडा करावा, अनुदानाचा विनियोग पाहावा, असें त्यांत सांगितलें आहे. त्याच कायद्याच्या परिशिष्टांत वर्षाचे दिवसहि मोजून दिले आहेत : पहिली ते पांचवीस २०० दिवस व ८०० तास, सहावी ते आठवीस २२० दिवस व १००० तास. या आंकड्यांचें महत्त्व पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. १९७७ मध्यें संपाचे ५४ दिवस ही एक अदमासाची हानि होती. २०१० नंतर ते दिवस हें मुलाचें कायदेशीर येणें झालें, आणि तें वसूल करणारी समितीहि गांवांतच बसली.

या नव्या व्यवस्थेची कसोटी १४ मार्च २०२३ रोजीं लागली. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरींत आलेल्यांना जुन्या पद्धतीचें निवृत्तिवेतन मिळावें, या मागणीसाठीं राज्यभर संप झाला. संघटनांच्या सांगण्याप्रमाणें सुमारें अठरा लाख लोक त्यांत होते, आणि शिक्षकांचा त्यांत मोठा भरणा होता. दहावीची परीक्षा चालूं होती. त्याच सुमारास राज्याच्या अनेक भागांत अवकाळी पाऊस व गारपीट झाली आणि पडलेल्या पिकाचा पंचनामा करावयास तलाठी व ग्रामसेवक जागेवर नव्हते. कोल्हापुरांत बेकार तरुणांनीं मोर्चा काढून, अर्ध्या पगारावर आम्ही काम करतों, असें सांगितलें. २० मार्च रोजीं मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनीं आश्वासन दिलें, संप मिटला. सात दिवसांचा हा संप. पण चोपन्न दिवसांच्या संपाहून त्याच्यावर लोकांचा रोष अधिक दिसला, याचें कारण शोधलें पाहिजे.

कारण असें कीं १९७७ मध्यें शिक्षक गांवांतील गरिबांपैकीं एक होता. २०२३ मध्यें तो गांवांतील महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार घेणाऱ्या थोड्यांपैकीं एक होता. ज्याच्या शेतांत गारा पडल्या त्याला म्हातारपणाचें वेतन कधींच मिळणार नव्हतें. त्यानें हेवा केला असें म्हणून त्याला दोष देणें सोपें आहे. पण आपल्या मागणीचा अर्थ त्याला समजावून सांगावयास त्याच्या ओसरीवर कोण गेलें, हा प्रश्न त्याआधीं विचारावा. आणि जिल्हा परिषद ? मार्च २०२२ मध्यें तिच्या सभासदांची मुदत संपली होती, निवडणुका लांबल्या होत्या; संपाच्या वेळीं तेथें लोकनियुक्त सभासदच नव्हते, प्रशासक होता. ज्या मंडळावर विश्वास ठेवावयाचा तें मंडळच रिकामें होतें.

येथें शिक्षकांचा पक्ष उणा लेखण्याचा हेतु नाहीं. म्हातारपणाची निश्चिंती मागणें हा गुन्हा नव्हे, आणि संपाचा हक्क काढून घेतलेल्या देशांत शाळा अधिक चांगल्या चालतात असेंहि इतिहास सांगत नाहीं. प्रश्न हक्काचा नसून, तो बजावतांना गांव कोणाच्या बाजूस उभें राहतें याचा आहे. परदेशचीं दोन उदाहरणें या ठिकाणीं उद्बोधक होतील. इंग्लंडांत नॉरफोक परगण्यांतील बर्स्टन या खेड्यांत १ एप्रिल १९१४ रोजीं टॉम व किटी हिग्डन या शिक्षक दांपत्यास शाळेच्या व्यवस्थापकांनीं काढून टाकलें. त्या दिवशीं शाळेंतील ७२ मुलांपैकीं ६६ मुलें वर्गांतून उठून चालती झालीं. संप शिक्षकांनीं केला नाहीं; शिक्षकांसाठीं मुलांनीं केला. शेतमजुरांच्या बाजूनें उभे राहणारे हे शिक्षक गांवानें आपले मानले होते. १९१७ मध्यें त्यांच्यासाठीं वर्गणीनें इमारत उभी राहिली आणि ती शाळा १९३९ पर्यंत चालली. हिप्परगा आणि बर्स्टन यांचा परस्परांस पत्ताहि नसेल. पण दोहोंचें मर्म एकच आहे.

दुसरें उदाहरण याच्या उलट. १९६८ मध्यें न्यूयॉर्क शहरांतील ओशन हिल-ब्राउन्सव्हिल या भागांत कृष्णवर्णीय व पोर्टोरिकन पालकांच्या स्थानिक मंडळानें कांहीं शिक्षकांस आपल्या शाळांतून दूर केलें. त्याविरुद्ध शिक्षकसंघानें शहरभर संप केला. सुमारें ३६ दिवस, दहा लाखांच्या आसपास मुलें शाळेबाहेर. संघ जिंकला, शिक्षक परत आले, स्थानिक मंडळाचे अधिकार गोठविले गेले. नोकरीच्या संरक्षणाचें तत्त्व टिकलें. परंतु त्या वस्तीच्या मनांत संघाविषयीं जी कटुता राहिली ती पिढीभर पुरली. समेट झाला, पण तिसऱ्याला बाहेर ठेवून झाला.

आपल्याकडेहि या दोहोंपैकीं पहिल्या वाटेची एक खूण अलीकडे दिसली. २०२३च्या सप्टेंबरांत वीसहून कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार सरकारनें पुढें मांडला. राज्यांत अशा शाळा चौदा-पंधरा हजार. पुढील वर्षीं कमी पटाच्या शाळेंत दोनांपैकीं एक शिक्षक कंत्राटी नेमण्याचा निर्णय निघाला. २५ सप्टेंबर २०२४ रोजीं प्राथमिक शिक्षकांनीं राज्यभर सामुदायिक रजा घेऊन मोर्चे काढले. ही मागणी पूर्वींच्या दोन्ही मागण्यांहून निराळी होती. वाडीवरची शाळा टिकावी हें शिक्षकाचें जितकें, तितकेंच गांवाचेंहि गाऱ्हाणें होतें. पन्नास वर्षांत दुरावलेले दोन पक्ष पुन्हां एका ओळींत उभे राहण्याची ही संधि होती, आणि ती अजून गेलेली नाहीं.

ती साधावयाची कशी ? इतिहासानें दिलेलें उत्तर मोठें गूढ नाहीं. संप मिटल्यानंतर पहिल्याच आठवड्यांत व्यवस्थापन समितीची सभा व्हावी. मुख्याध्यापकांनीं बुडालेले दिवस फळ्यावर लिहावे, ते कोणत्या रविवारीं वा सुटींत भरून काढावयाचे तें पालकांच्या संमतीनें ठरावें, आणि भरले ते दिवस सर्वांसमक्ष खोडावे. शिक्षण समितीच्या जबाबदार अधिकाऱ्यानें त्या सभेस स्वतः यावें. बोट मुंबईकडे दाखवावयाचें असेल तर तेथेंच दाखवावें. शिक्षकांनींहि पुढील मागणी करण्यापूर्वीं ती प्रथम आपल्या गांवास समजावून सांगावी. हें अशक्य नाहीं याचा दाखला याच टापूंत आहे. ऊसतोडीस जाणाऱ्यांच्या मुलांसाठीं हंगामी वसतिगृहें निघालीं, आणि तीं चालविण्याचें काम याच शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आलें. मूल कोणाच्या घरीं जेवेल, कोठें निजेल, अनुदान किती आलें आणि किती खर्चलें, हें तेथें शिक्षक आणि पालक यांना शेजारीं बसून ठरवावें लागतें. अशा वसतिगृहांचा हिशेब कोठें चोख राहिला, कोठें राहिला नाहीं. पण जेथें राहिला तेथें आईबापांनीं आपलें मूल मागें ठेवलें. याहून मोठा विश्वास तो कोणता ?

फुल्यांनीं पगार आणि पत या दोन्ही गोष्टी एकत्र मागितल्या होत्या. पगाराची बाजू शिक्षकांनीं संघटनेच्या बळावर बरीच सांभाळली. पतीची बाजू मुंबईंत सांभाळली जात नाहीं. ती वाशीच्या पठारावरील एखाद्या दोनशिक्षकी शाळेंत, दिवाळीनंतरच्या एका सकाळीं सांभाळली जाते. त्या सकाळीं ऊसतोडीस निघालेली बाई शाळेच्या दारांत उभी राहते आणि मुलाचा हात मास्तरांच्या हातीं द्यावा कीं देऊं नये, याचा क्षणभर विचार करते. जिल्हा परिषदेवरील लोकांच्या विश्वासाचें माप त्या क्षणांत आहे.